बाप, लेक आणि नातू: विजापूरचे शाही मकबरे पहिल्यांदा पाहायला जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांची सहल एकदा तरी विजापूरला गेलेली असते. त्यामुळे गोलघुमट ‘बघितलाय’ म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. काय बघितलं असं विचारलं, की वरच्या सज्जात मारलेल्या आरोळ्या आठवतात आणि गाडी तिथंच अडते. आवाजाची गंमत खोटी नाही, पण ती वरकड आहे. खरी करामत खाली उभं राहून मान वर केली की दिसते, आणि नेमक्या त्याच जागेवरून लोक जिना शोधत पुढं निघून जातात.

माझं सांगणं एवढंच, की विजापूरचे मकबरे पिढीच्या क्रमानं बघा. आधी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा रोजा, मग त्याच्या मुलाचा, महंमद आदिलशहाचा गोलघुमट, आणि शेवटी नातवाची, दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली बारा कमान. बहुतेक टूरवाले उलटं करतात. स्टेशनजवळ म्हणून आधी गोलघुमट उरकतात आणि बाकीचं दमलेल्या पायांनी दाखवतात. एवढा मोठा घुमट आधी बघितला की इब्राहिम रोज्यातलं बारीक काम डोळ्यांत शिरत नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्चनंतर विजापूरचं ऊन बेळगावच्या माणसाला सोसणारं नाही. आपल्याकडच्या हवेची सवय असलेल्यानं एप्रिल-मेमध्ये तिकडं फिरकूच नये. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा रविवार टाळून मधला वार धरा. गोलघुमटाच्या आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेही ध्यानात ठेवा.

एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण त्यात निम्मा दिवस बसमध्येच जातो. एक रात्र राहाच. दुपारी पोचायचं, संध्याकाळी रोजा, दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गोलघुमट, मग बारा कमान आणि परत, असा बेत मला सगळ्यात पटतो. त्यामागं उजेडाचं कारण आहे, ते पुढं येईलच.

जायच्या आधीच्या आठवड्यात जमलं तर बेळगावच्या किल्ल्यात एक चक्कर मारा. आदिलशाहीचा इथला सुभेदार असद खान लारी यानं बांधलेली साफा मशीद किल्ल्यात आहे, आणि जवळच 1204 सालची कमल बस्ती. एकीकडं खांबांवर आडवी तुळई टाकून उभं केलेलं दगडी जैन मंदिर, दुसरीकडं कमानी आणि घुमट. छत पेलायच्या या दोन तऱ्हा एकाच सकाळी बघून घेतल्या की विजापुरात कुणी समजावून सांगायची फारशी गरज उरत नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्या.

पोचायचं कसं

बेळगावहून विजापूर साधारण दोनशे किलोमीटर. लाल बस सरळ मिळते, पाचेक तास धरून चाला. गोकाक, जमखंडी, बबलेश्वर असा एक रस्ता आहे. निपाणी-चिक्कोडीकडच्यांना अथणी, तिकोटा हा सोयीचा. रेल्वेच्या फंदात पडू नका. बेळगावहून हुबळी-गदगला वळसा घालून जावं लागतं. सोलापूरकडून येणाऱ्या पाहुण्यांना मात्र रेल्वे उत्तम, सोलापूर-गदग मार्गावरच विजापूर आहे आणि स्टेशनाबाहेर पडताच घुमट दिसायला लागतो.

बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि शहराचं नाव 2014 पासून ‘विजयपुर’ झालंय. वाचता येत नसेल तर सरळ विचारा, “बिजापुरक होगतैतेन्री?” उत्तर कधी कन्नडमध्ये, कधी दखनी हिंदीत, कधी मराठीतही येतं. सरकारच्या शक्ती योजनेखाली कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस लाल बसला तिकीट लागत नाही. आधार कार्ड तेवढं दाखवावं लागतं. मात्र बरोबर चंदगडची नाहीतर गडहिंग्लजची नणंद असेल तर तिचा पत्ता महाराष्ट्रातला, तिला तिकीट काढावं लागणार. यावरून बसमध्ये कंडक्टरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

सामान कमी घ्या, पण जाड मोज्यांची एक जोडी टाकाच. मकबऱ्यात चपला काढाव्या लागतात आणि दुपारी चौथऱ्याचा दगड तव्यासारखा तापतो. एक छोटी बॅटरीही जवळ असू द्या. मोबाइलचा उजेड फार पसरट पडतो, नक्षी त्यात सपाट दिसते.

पहिली संध्याकाळ: इब्राहिम रोजा

रोजा शहराच्या पश्चिमेला, जुन्या तटाबाहेर आहे. स्टँडवरून रिक्षा करा, भाडं आधी ठरवून घ्या. साडेतीन-चारच्या सुमाराला आत शिरलात की बरोबर.

आत गेल्यावर एका उंच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर दिसतील, मधे कारंज्याचा हौद. पहिल्यांदा येणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. खूण सोपी आहे. पश्चिमेची ती मशीद, पूर्वेचा तो मकबरा. आपल्याकडं नमाज पश्चिमेला तोंड करून पढतात, म्हणून मशिदीचं तोंड पूर्वेला उघडतं आणि मकबरा तिच्यासमोर येतो. त्यामुळं मावळतीचं ऊन मकबऱ्याच्या दर्शनी अंगावर सरळ येतं. संध्याकाळ धरायची ती एवढ्यासाठी.

हे काम मुळात इब्राहिमच्या बेगमेसाठी, ताज सुलतानासाठी काढलेलं. पण 1627 मध्ये बादशहा गेला आणि तोही इथंच विसावला. बांधणारा मलिक संदल, त्याचं नाव इथल्या शिलालेखात आहे. गाईड हमखास सांगतात की शहाजहाननं हे बघून ताजमहाल बांधला. ऐकून घ्या आणि सोडून द्या. रोज्याला मोठेपण यायला ताजमहालाची शिफारस लागत नाही.

आता बघायचं कसं. आधी लांबून, हौदाच्या काठावरून. चारी कोपऱ्यांना सडपातळ मिनार, मधे घुमट. घुमट छतातून नुसता वर आलेला नाही. बुडाशी दगडी कमळपाकळ्यांचा वेढा आहे आणि त्यातून तो कळीसारखा फुगून वर येतो. ही पाकळ्यांची खोड आदिलशाही कारागिरांची. उद्या गोलघुमटावर, परवा एखाद्या लहानशा थडग्यावर, सगळीकडं ती भेटेल. मग नजर खाली आणा. कमानींच्या वर भिंतीतून पुढं आलेला छज्जा बघा, त्याला खालून आधार देणाऱ्या दगडी घोड्या मोजत बसाव्यात इतक्या दाट आहेत. छज्जानं पाऊस भिंतीपासून लांब पडतो, आणि उन्हात त्याची सावली भिंतीवर एक काळी पट्टी ओढते. दख्खनच्या उन्हातली इमारत अशी सावलीनंही सजवलेली असते.

मशिदीच्या छज्जाखाली दगडी साखळ्यांचे नमुने लोंबताना दिसतील. कड्यांत कडी अडकवलेली, सगळी एकाच दगडातून कोरून काढलेली. काही तुटल्यात, उरलेल्या शोधाव्या लागतात.

मग चपला काढून मकबऱ्याच्या ओवरीत चढा आणि भिंतीपाशी थांबा. इथं घाई केलीत तर रोजा बघितलाच नाही असं समजा. मधल्या दालनाच्या बाहेरच्या भिंतींवर एक हात जागा मोकळी सोडलेली नाही. वेलबुट्टी, भौमितिक चौकटी आणि मुख्य म्हणजे अक्षरं. दाराच्या दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत आणि वरच्या कमानीत दगडाची जाळी. ती जाळी नीट बघा. तिच्यात फुलं नाहीत, चौकडी नाही. अरबी अक्षरांच्या मधला दगड कोरून काढून टाकलाय आणि अक्षरं तेवढी उरलीत. आतल्या दालनात उजेड येतो तो या अक्षरांच्या फटींतून. अरबी वाचता येत नसलं तरी उभे दांडे किती एकसारख्या अंतरावर ठेवलेत आणि खालची वळणं त्यांच्यातून कशी फिरवलीत, हे डोळ्यांना कळतं. बॅटरी इथंच काढायची. समोरून मारू नका, भिंतीला लावून तिरपी धरा. कोरीव काम लगेच उठून येतं.

दालनाच्या आत काळोख असतो. डोळे सरावले की वर बघा. बाहेरून घुमट दिसला होता, आत मात्र सपाट छत आहे. दालन सुमारे 40 फूट चौरस, आणि एवढ्या मोठ्या जागेवर दगडाच्या फरश्या कडेला कडा भिडवून बसवलेल्या, खाली एकही खांब नाही. कडेचा भाग भिंतींतून आत वळत येतो आणि मधला पोटाशी घेतल्यासारखा उचलून धरतो, त्याला चुन्याच्या पकडीची साथ. घुमटाखालची खोली या छताच्या वर वेगळी आहे, ती आपल्याला दिसत नाही. बांधकामातलं थोडंफार कळणाऱ्या माणसाला बरोबर न्या, तो इथून लवकर हलणार नाही.

दुसरी सकाळ: गोलघुमट

दार उघडायच्या सुमाराला हजर राहा. सहलीच्या बस यायच्या आधीचा तासभर तुमचा. तिकीट इथलं वेगळं, रोज्याचं वेगळं. क्यूआर कोडवर काढलं तर थोडं स्वस्त पडतं. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

फाटकातून आत गेलं की समोर नगारखाना येतो, त्यातच संग्रहालय. तो ओलांडून थोडं पुढं गेलात की थांबा. फार जवळ जाऊ नका, जवळून घुमट दिसतच नाही. इमारत मूळ आकारात अगदी साधी, एक भला मोठा घन आणि त्यावर अर्धा गोल. चार कोपऱ्यांना अष्टकोनी मनोरे, सात सात मजल्यांचे, प्रत्येक मजल्याला कमानीच्या खिडक्या. प्रत्येक बाजूला तीन उंच कमानींची रेघ, मधलीत दार. काल रोज्यावर बघितलेला छज्जा आणि पाकळ्या इथंही आहेत, फक्त माप राक्षसी झालंय. नक्षी जवळजवळ नाही. बापानं भिंतीचा प्रत्येक हात कोरून घेतला, मुलानं सगळी हौस मापावर भागवली.

दक्षिणेच्या दारावरचा शिलालेख शोधा. त्यात हिजरी 1067, म्हणजे 1656, हे महंमद आदिलशहाच्या मृत्यूचं साल आहे. तो गेल्यावर काम थांबलं, गिलावा पुरा झालाच नाही, आणि काही ठिकाणी भिंत उघडीच राहिली. बांधणारा दाभोळचा याकूत असं परंपरेनं सांगतात. कोकणच्या बंदरातला माणूस घाट चढून इथं आला आणि हे उभं करून गेला.

याच महंमद आदिलशहाच्या दरबारात शहाजीराजे होते. 1636 मध्ये ते आदिलशाहीच्या चाकरीत आले, 1648 मध्ये त्यांना कैद झाली तीही याच बादशहाच्या काळात. शाळेच्या इतिहासातली ही नावं आपल्याला तोंडपाठ, पण त्यांतल्या एकाच्या कबरीसमोर उभं राहणं वेगळं. मनात काय यायचं ते येवो, आवाज मात्र खालचा ठेवा.

आत मधोमध उंच चौथरा, त्यावर लाकडी छत्रीखाली कबरी. बादशहा, त्याच्या दोन बायका, मुलगी, नातू आणि रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी. वर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत.

आता मुख्य गोष्ट. चौथऱ्यापाशी उभे राहा आणि घुमटाकडं बघायच्या आधी कोपऱ्याकडं बघा. दालन चौकोनी आहे, एक बाजू साधारण 135 फूट, म्हणजे 18,225 चौरस फूट जमीन. मधे एकही खांब नाही. वर ठेवायचाय गोल घुमट. चौकोनावर गोल बसवायचा तर चार कोपरे उघडे पडतात, तिथं काय करायचं, हा जगभरच्या घुमट बांधणाऱ्यांचा जुना प्रश्न. इथलं उत्तर असं की भिंतींतून आठ प्रचंड कमानी उठतात आणि त्या एकमेकींना छेदत जातात. त्यांतल्या चार मिळून एक चौरस होतो, उरलेल्या चारांचा दुसरा, आणि हा दुसरा पहिल्यावर तिरपा फिरवलेला. रांगोळीत दोन चौरस काढून आठ टोकांची चांदणी करतात ना, तीच आकृती हवेत. चांदणीच्या पोटात अष्टकोन आपोआप तयार होतो, आणि अष्टकोनाचं वर्तुळ करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

बोटानं एक कमान धरा. भिंतीतून कुठं निघाली, दुसरीला कुठं भेटली, कुठं मिळाली, असं नजरेनं चालत जा. पहिल्या खेपेला गुंता वाटेल. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा करा, तिसऱ्याला आकृती उलगडते.

याच्यातली खरी हुशारी वजनात आहे. कमानींच्या मधला भरीव भाग आत झुकत येतो आणि वर सुमारे 97 फूट व्यासाचं वर्तुळ उरतं. घुमट मात्र त्या वर्तुळाच्या काठावर ठेवलेला नाही. तो मागं सरकून, 124 फुटांवर उभा आहे. घुमट आपल्या वजनानं भिंतींना बाहेर रेटतो, आत झुकलेलं हे बांधकाम उलट आत ओढतं, आणि दोघांचं भांडण परस्पर मिटतं. विटा आणि चुना यांचा, बुडाशी सुमारे दहा फूट जाडीचा घुमट असा साडेतीन शतकांहून जास्त काळ उभा आहे. आणि काठ ते घुमट यांच्या मधली जी मोकळी जागा उरली, तोच वरचा प्रसिद्ध सज्जा. आवाज ऐकायची जागा आयती मिळाली ती अशी.

हे एवढं बघून झालं की खुशाल वर चढा. जिना मनोऱ्याच्या अंगानं जातो, पायऱ्या शंभराच्या वर, उंच आणि अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं, त्यांचं फार काही बुडत नाही. वर गच्चीवर आलात की घुमटाच्या बुडाच्या पाकळ्या हाताशी येतात. खालून नाजूक दिसलेली पाकळी माणसापुढं केवढी, ते तिथं कळतं. पश्चिमेला काल बघितलेल्या रोज्याचे मिनार शोधा.

सज्जात शिरायला घुमटातून दारं आहेत. सज्जा सुमारे अकरा फूट रुंद. आत गेल्यावर ओरडू नका. गंमत ओरडण्यात नाहीच, ती कुजबुजण्यात आहे. एकानं अलीकडं, दुसऱ्यानं बरोबर समोर पलीकडं जायचं. बोलणाऱ्यानं तोंड भिंतीकडं करून हळू बोलायचं, ऐकणाऱ्यानं कान भिंतीजवळ न्यायचा. आवाज वळणाऱ्या भिंतीला धरून सरकत जातो आणि शेजारी बसून बोलल्यासारखा पोचतो. कागद फाडला तर तोही ऐकू येतो. टाळी एकदाच वाजवा आणि परत परत येणारे पडसाद मोजा. सहलीची पोरं वर आली की हे सगळं संपतं, नुसता कल्ला उरतो. मास्तरांच्या शिट्टीचे पडसाद तर सगळ्यांत वाईट.

बारा कमान, आणि उरलेलं

नातवाचा मकबरा शहराच्या मध्यात आहे. दुसरा अली 1656 मध्ये गादीवर आला. अफजलखान निघाला तो 1659 साली, याच्याच कारकिर्दीत. बापाच्या वर ताण करायची म्हणून मोठं काम काढलं, 1672 मध्ये तो गेला, काम तसंच पडलं. काळ्या दगडाच्या उघड्या कमानी, वर आकाश. कुणी म्हणतं याची सावली गोलघुमटावर पडली असती म्हणून बंद पाडलं. दंतकथा आहे, ऐकायला बरी.

अर्धा तास पुरे. पण गोलघुमट बघून आलेल्याला इथं एक फायदा असतो. तिथं गिलाव्याखाली झाकलेला सांगाडा इथं उघडा दिसतो, कमानीतला एकेक घडीव दगड कसा बसवलाय ते जवळ जाऊन बघता येतं.

वेळ असेल तर पहिल्या अलीनं सुरू केलेली जामा मशीद बघा. ती चालू मशीद आहे, तेव्हा अंगभर कपडे हवेत आणि नमाजाची वेळ टाळायला हवी. मुलुखमैदान तोफ मात्र पश्चिमेच्या तटावर. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात हत्ती. आपल्याकडं निवडणुकीत ज्या वक्त्यांना हे नाव देतात, त्यांनी एकदा येऊन ती बघावी. संग्रहालयाला अर्धा तास ठेवा, जुनी शस्त्रं, शिलालेख, चित्रं आहेत.

जेवायला लिंगायत खानावळ धरा. ज्वारीची कडक किंवा मऊ भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, वर दही. बेळगावकरांना चव ओळखीची, तिखट थोडं चढं. दुपारच्या जेवणाआधीच स्टँडवर जाऊन परतीची बस विचारून ठेवा, कारण दुपारनंतर बेळगावच्या थेट बसना गर्दी होते. थेट नाही मिळाली तर जमखंडीपर्यंत या, तिथून गोकाककडची गाडी बघा. निपाणीकडच्यांनी अथणीला उतरून चिक्कोडीची बस धरावी.